गेली तीच परत आली का?

भारताच्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातलं विसावं कलम लोक फारसं वाचत नाहीत, आणि वाचलं तर दचकतात. देशाबाहेर गेलेला माल पुन्हा देशात आला, तर त्याच जातीच्या आणि त्याच किमतीच्या परदेशी मालाला जो कर आणि जी बंधनं लागू आहेत ती त्यालाही लागू होतील, असं ते कलम म्हणतं. मिरजेत घडलेला आणि कोल्हापुरात वीस वर्षं वाजलेला तंबोरा मैफिलीसाठी लंडनला नेला आणि आठवड्याभरात मुंबईच्या सहार विमानतळावर उतरवला, तर कायद्याच्या लेखी तो ‘आयात’ होऊ पाहणारा तंबोरा असतो. तो तुमच्या आजोबांनी घेतला होता, खोळीवर आईनं तुमचं नाव शिवलं होतं, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही.

सवलत अर्थातच आहे. ३० जून २०१७ ची ४५ क्रमांकाची अधिसूचना अशा परतलेल्या मालाला करमाफी देते. मुदत साधारण तीन वर्षांची आहे आणि ती वाढवूनही मिळते. पण या माफीची किल्ली एका अटीत आहे. गेलेली वस्तू आणि आलेली वस्तू एकच आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. दौऱ्यावर सामान नेणाऱ्याला जे फॉर्म, याद्या, शिक्के आणि हमीपत्रं सांभाळावी लागतात, ती सगळी या एकाच प्रश्नाभोवती फिरतात. सातबाऱ्यावर मालकाचं नाव महत्त्वाचं असतं. इथे मालक कोण हा प्रश्न मागे पडतो आणि वस्तूची ओळख पुढे येते.

कोल्हापूरकरांची अडचण नेमकी इथेच होते. या भागाचं नाव ज्या वस्तूंनी झालं त्या बहुतेक हातानं घडलेल्या आहेत. चप्पल, साज, हुपरीचे चांदीचे दागिने आणि शेजारच्या मिरजेची वाद्यं यांतल्या एकाही वस्तूवर कंपनीचा अनुक्रमांक नसतो. लॅपटॉपच्या पोटावर नंबर छापलेला असतो, कॅमेऱ्याच्या लेन्सवर तो कोरलेला असतो. तंबोऱ्यावर फार तर घडवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी डकवलेली असते. तीही दहा पावसाळ्यांत पुसट होते.

उलट टोकाचं उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. १९५२ साली पैलवान खाशाबा जाधव ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला निघाले तेव्हा अडचण पैशांची होती. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचं घर गहाण ठेवलं. सामानाचा प्रश्नच नव्हता, कारण पैलवानाचं हत्यार म्हणजे त्याचं शरीर, आणि त्याला पासपोर्ट पुरतो. नेमबाजाचं तसं नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदकाला पोचला. अशा खेळाडूची रायफल त्याच्याबरोबर सीमा ओलांडते. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्यापासून कोल्हापूरनं कितीतरी नेमबाज परदेशी रेंजवर पाठवले. त्या प्रत्येक दौऱ्यामागे शस्त्रपरवाना, विमान कंपनीला आधी दिलेली सूचना, कुलूपबंद पेटी आणि यजमान देशाची आगाऊ परवानगी अशी कागदांची रांग असते.

माझ्या मते कस्टम्सच्या दृष्टीनं जगातली सर्वांत सज्जन वस्तू म्हणजे रायफल. ऐकायला विचित्र वाटेल, पण तिच्यावर नंबर कोरलेला असतो आणि तोच नंबर परवान्यावर असतो. जाताना तो पाहायचा, येताना तो पाहायचा, काम झालं. तिच्याबरोबरच्या गोळ्यांचा हिशेब मात्र वेगळा. प्रवासी विमानात माणशी ५ किलोपर्यंतच काडतुसं नेता येतात, आणि ती झाडण्यासाठीच नेलेली असतात, म्हणजे परत येणार नसतात. तात्पुरत्या निर्यातीच्या जगात हा भेद फार जुना आहे. वापरून संपणारी वस्तू ‘तात्पुरती’ जात नाही, ती जाते ती जातेच. तबल्याची शाई, सतारीच्या सुट्या तारा, प्रदर्शनात वाटायची माहितीपत्रकं, चाखायला नेलेला गूळ हे सगळं काडतुसांच्या पंक्तीत बसतं.

आता ज्या कागदासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं त्याकडे येऊ. त्याचं नाव एटीए कार्नेट. तात्पुरता प्रवेश या अर्थाच्या फ्रेंच आणि इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. ६ डिसेंबर १९६१ रोजी ब्रुसेल्समध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, १९६३ पासून तो अमलात आला, आणि १९९० च्या इस्तंबूल करारानं त्याची व्याप्ती वाढवली. आज ऐंशीच्या आसपास देश ते मानतात. अमेरिका, ब्रिटन, जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया त्यात आहेत, आणि मराठी माणसांची जुनी वस्ती असलेला मॉरिशसही आहे. भारतात ते देण्याचा आणि त्याची हमी घेण्याचा अधिकार फिक्की या व्यापारी महासंघाकडे आहे. सुरुवातीला, १९९० च्या अधिसूचनेनुसार, आपल्याकडे येणाऱ्या कार्नेटला मुख्यतः जत्रा-प्रदर्शनांच्या मालापुरती मान्यता होती. व्यावसायिक उपकरणांना, म्हणजे वार्ताहर, चित्रपटवाले, खेळाडू यांच्या सामानाला, दार उघडायला बराच काळ गेला. इतर देशांचंही असंच आहे. एखादा देश प्रदर्शनाचा माल घेतो पण वाद्यं घेत नाही. म्हणून ‘तिथे कार्नेट चालतं’ एवढ्या माहितीवर विसंबू नये. कोणत्या कारणासाठी चालतं हे विचारावं.

दिसायला ते एक जाडजूड वहीसारखं पुस्तक असतं. मुखपृष्ठ हिरवं. आत पिवळी पानं आपल्या देशातून निघताना आणि परतताना वापरायची, पांढरी पानं परक्या देशात शिरताना आणि तिथून निघताना, आणि निळी पानं नुसतं ओलांडून जायच्या देशासाठी. प्रत्येक पानाचे दोन भाग असतात. एक भाग कस्टम्सचा अधिकारी फाडून स्वतःकडे ठेवतो, दुसरा शिक्का मारून पुस्तकातच राहतो. मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची. त्या वर्षात हवे तितके देश फिरा, फक्त पानं तितकी घेतलेली हवीत.

सगळा डोलारा मात्र उभा असतो तो हमीवर. तुम्ही जर्मनीत माल विकून टाकलात आणि हात हलवत परत आलात, तर जर्मन कस्टम्स तुम्हाला शोधत कोल्हापूरला येणार नाही. ते तिथल्या हमीदार संस्थेकडे बुडालेला कर मागेल, ती संस्था फिक्कीकडे मागेल, आणि फिक्की तुमची बँक गॅरंटी वटवेल. कराराप्रमाणे मुदत संपल्यावर वर्षभरात असा दावा करता येतो, आणि माल परत नेला होता याचा पुरावा द्यायला सहा महिने मिळतात. म्हणून दौरा संपला, हार-तुरे झाले, तरी ठेवलेले पैसे लगेच मोकळे होत नाहीत. छोट्या संस्थांना कार्नेटची फी तितकी जड जात नाही. जड जातं ते हे अडकून पडणं.

हमी आली की यादी आली, आणि हातानं घडलेल्या वस्तूचा कस यादीत लागतो. कार्नेटच्या साधारण यादीत अनुक्रमांक, वर्णन आणि त्यावरच्या खुणा, नग, वजन, किंमत, मूळ देश असे रकाने असतात. यादी एकदा मंजूर झाली की त्यात नवी वस्तू घुसवता येत नाही. ठरलेल्या यादीतून काही वस्तू घरी ठेवून कमी नेता येतात, जास्त कधीच नेता येत नाहीत. बहुतेक जण वर्णनाच्या रकान्यात ‘तंबोरा, २ नग’ लिहून मोकळे होतात. अधिकाऱ्यानं ठरवलं तर या वर्णनात मिरजेच्या गल्लीतला कुठलाही तंबोरा बसेल, आणि नेमका म्हणूनच ते वर्णन कुचकामी.

समजा पुरुषी सुराचा एक तंबोरा न्यायचा आहे. मग लिहायचं असं: तून लाकडाची दांडी आणि तबली, वाळलेला भोपळा, भोपळ्याचा घेर इंचांत, एकूण लांबी, खोळीविना वजन, चार खुंट्या, तबलीच्या कडेची नक्षी सेल्युलॉइडची, घोडी उंटाच्या हाडाची किंवा काळ्या लाकडाची, भोपळ्याच्या मागे डाव्या बाजूला चार बोटांची जुनी सांधलेली चीर. ती चीर मालकाला खुपत असेल, पण यादीत तिच्याइतकी उपयोगी खूण नाही. वाद्यावर नंबर नसेल तर तो द्यावा. घोडीच्या खाली किंवा दांडीच्या आत, सहज निघणार नाही असा छोटा क्रमांक कारागिराकडून कोरून घ्यावा आणि तोच यादीत लिहावा. समोरून, मागून, चिरेजवळून असे फोटो काढून सोबत ठेवावेत. मिरजेचे वाद्य कारागीर ज्या शिकलगार घराण्यांतून आले ती एकोणिसाव्या शतकापर्यंत शस्त्रं घडवत होती. तेव्हा लाकडावर नंबर कोरण्यात त्यांना नवल वाटू नये. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं गावाचं नाव शाबूत राहील, पण विमानतळावर एका विशिष्ट तंबोऱ्याची ओळख पटवायला मानांकन उपयोगी नाही. ते जातीचं असतं, व्यक्तीचं नसतं.

इथे एक खुलासा केला नाही तर वाचक उगीच घाबरेल. एकट्या कलावंतानं खांद्यावर सतार घेऊन जायला कार्नेट लागतंच असं नाही. बहुतेक देश सोबतच्या वाद्याला तोंडी सांगण्यावर, किंवा न सांगताही, आत घेतात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, तिथल्या संगीतकारांत याच मुद्द्यावर मोठी घबराट झाली होती. शेवटी निष्कर्ष निघाला तो असा की हातातलं व्हायोलिन सुटतं, ट्रकमधून जाणारे स्पीकर आणि ड्रम सुटत नाहीत. कोल्हापूरचं ढोलपथक किंवा मर्दानी खेळाचा संघ बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला अमेरिकेत न्यायचा झाला तर पेट्या मालवाहतुकीतून जातील, आणि मग कार्नेटचा विचार करावाच लागेल. मर्दानी खेळाच्या तलवारी आणि दांडपट्टे बोथट असले तरी त्यांची परवानगी वेगळी काढावी लागेल. नाटकवाले यातून आपली वाट काढतात. नेपथ्य तिथल्या मंडळाकडून बनवून घ्यायचं, इथून कपडेपट आणि लहान प्रॉपर्टी घेऊन जायची. कल्पकतेचं श्रेय दिग्दर्शकाला जातं, पण त्यातलं थोडं कस्टम्सलाही द्यायला हवं.

एकट्यानं जाणाऱ्यासाठी आपल्या बाजूनं एक साधा कागद आहे, एक्स्पोर्ट सर्टिफिकेट. विमानतळावर निघण्यापूर्वी कस्टम्सच्या काउंटरवर वस्तू दाखवायची, मान्यताप्राप्त मूल्यमापकाचा दाखला आणि फोटो द्यायचे, आणि शिक्क्याचा कागद घ्यायचा. लग्नाला किंवा कार्यक्रमाला खरा कोल्हापुरी साज घालून जाणाऱ्या बाईनं तर हे करावंच. साजाची पानं हातानं ठोकलेली असतात, दुबईत तसाच साज घेतला नाही हे परतताना तोंडी पटवणं कठीण जातं. आता गंमत बघा. हे काउंटर चेक-इनच्या आधी गाठावं लागतं, कारण वस्तू पेटीत घालून पट्ट्यावर सोडली की दाखवणार काय? कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून अजून परदेशी विमान उडत नाही, त्यामुळे हे सगळं मुंबईत, पहाटेच्या गर्दीत करायचं असतं. सहारला चार तास आधी पोचा असं सांगितलं की घरचे हसतात. हसू द्यावं.

शिक्के चुकतात ते बहुधा परतीच्या वाटेवर. जाताना सगळे सावध असतात. कार्यक्रम झाला, रात्रभर गप्पा झाल्या, पहाटे परदेशी विमानतळावर धावतपळत पोचले, आणि पांढऱ्या पानावरचा ‘बाहेर गेला’ हा शिक्का राहून गेला. त्या देशाच्या दप्तरात तुमचा तबला तिथेच राहतो. माल तुमच्या घरी, आणि कर भरण्याची नोटीसही तुमच्याच घरी. यावर उतारा आहे. भारतात परतताना पिवळ्या पानावर शिक्का घेतला असेल तर तो माल बाहेर पडल्याचा पुरावा म्हणून पुढे करता येतो. पण तो मान्य होईपर्यंत पत्रव्यवहार आणि वरचा दंड असतोच. एखाद्या संघात सगळ्यांकडे काही ना काही काम असतं, तसं एकाकडे फक्त शिक्क्यांचं काम द्यावं. तो कलावंत नसलेला बरा.

कार्नेट कुठे वापरू नये हेही सांगायला हवं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावचा फाउंड्रीवाला जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या गिफा प्रदर्शनाला दोन कास्टिंगचे नमुने घेऊन निघतो. प्रदर्शनात गिऱ्हाईक म्हणतं, ‘हा नमुना ठेवून जा, आमचे लोक तपासतील.’ गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार? आणि कार्नेटवरचा नमुना ठेवून कसा येणार? असे तुकडे मुळातच नमुना म्हणून वेगळ्या कागदांवर पाठवावेत. चपलेचंही तेच. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्यावर जगभर चर्चा झाली, आणि इथल्या कारागिरांना परदेशी प्रदर्शनांची निमंत्रणं मिळणं आता अशक्य नाही. तिथे चप्पल आवडली की लोक विकत मागणार. मागू द्यावी, विकावी, पण कार्नेटवर नेलेली नव्हे. विकण्याचा विचार मनात असेल तर रीतसर निर्यात करून तिथला कर भरलेला बरा.

ओळखीचा प्रश्न नंबरावर संपत नाही, तो पदार्थापर्यंत जातो. जुन्या तंबोऱ्याची घोडी किंवा मणी हस्तिदंताचे असतात, जुन्या सतारींची घोडी सांबरशिंगाची. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या कराराच्या १९८९ च्या परिषदेनंतर बंद झाला, आणि सांबर-चितळाच्या शिंगाच्या वस्तू भारतातून बाहेर नेता येत नाहीत. मग ती वस्तू तुमचीच आहे आणि परत येणार आहे, हे सांगून उपयोग नाही. शिसवाच्या जातींवर २०१७ मध्ये साइट्सची बंधनं आली तेव्हा जगभरचे गिटारवाले हवालदिल झाले. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून बहुतांशी सूट मिळाली. २०१४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर बुडापेस्ट फेस्टिव्हल ऑर्केस्ट्राचे सात गज हस्तिदंताच्या संशयावरून अडकवले होते, नंतर दंड भरून ते सोडवले गेले. त्याआधी काही महिने, २०१३ च्या डिसेंबरात, त्याच विमानतळावर बुजमा रझ्गुई या वादकाच्या हातानं बनवलेल्या नळीच्या बासऱ्या नष्ट झाल्या. वादक म्हणत होता की ती वाद्यं होती, अमेरिकन कस्टम्सचं म्हणणं होतं की ती शेतमालात मोडणारी हिरवी बांबूची कांडी होती. आपल्या भीमाकाठच्या भोपळ्याकडे, ज्यापासून सतार आणि तंबोरे होतात, ऑस्ट्रेलियाचा अधिकारी कसा पाहील याचा अंदाज यावरून बांधावा. त्याला तो सुकलेली फळभाजी वाटू शकतो. म्हणून वर्णनात ‘पूर्ण वाळवलेला, पॉलिश केलेला’ हे शब्द हवेत.

वयाचाही एक मुद्दा आहे. १८९५ च्या सुमारास अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या आश्रयाला कोल्हापुरात आले. त्या काळातला एखादा तंबोरा आज कुणाच्या घरी असेल तर त्याचं वय शंभरीपलीकडे गेलेलं असणार, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरच्या कलावस्तूंना वेगळं स्थान आहे. अशी वस्तू सहज देशाबाहेर नेता येत नाही, आणि ती तितकी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घेणं शहाणपणाचं. वाद्य जितकं मौल्यवान तितकं ते घरी ठेवून नवं नेणं सोयीचं, हा निष्कर्ष कलावंतांना आवडत नाही, मलाही आवडत नाही, पण तो खोटा नाही.

उलट्या दिशेचा एक प्रवास महाराष्ट्रानं अलीकडे पाहिला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांच्या उसनवारीवर साताऱ्यात आली. वर्षभराच्या कार्नेटला इतका मुक्काम झेपत नाही, संग्रहालयांच्या उसनवारीचे करार वेगळे असतात. पण पहिला प्रश्न तोच. ही तीच का? कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी तो जाहीरपणे विचारला, आणि संग्रहालयानंही ही वाघनखं अफझलखान प्रसंगातलीच असल्याचा ठाम पुरावा नाही हे मान्य केलेलं आहे. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून ती आली, इतकं सांगता येतं. लंडनहून साताऱ्यापर्यंतच्या प्रवासाचे कागद चोख असतील, सतराव्या शतकापासून ग्रँट डफपर्यंतच्या प्रवासाचे नाहीत.

राहता राहिला फुटलेला भोपळा. मालवाहतुकीत सतार फुटणं नवलाचं नाही. पहिला विचार मनात येतो तो तिथेच टाकून यायचा, आणि तो चुकीचा. फुटलेली सतारही यादीतली सतार आहे. तुकडे परत आणायचे, किंवा तिथल्या कस्टम्सच्या देखरेखीखाली ती नष्ट करून तसा लेखी दाखला घ्यायचा, किंवा अपघातानं निकामी झाल्याचं लेखी दाखवून तिथल्या सरकारच्या स्वाधीन करायची. परदेशात कुणी हौसेनं दुरुस्त करून दिली तर कार्नेटशिवाय गेलेल्या वाद्याच्या बाबतीत भारतात येताना दुरुस्तीच्या खर्चावर कर लागू शकतो, म्हणून दुरुस्ती फुकट झाली असली तरी तसं लिहून घ्यावं. तुकडे आणायचे ठरले तर सगळे आणावेत, खुंट्यांसकट. यादीत वजन लिहिलेलं असतं, आणि काही अधिकारी ते खरोखर करून पाहतात.